अंगठ्याचे यंत्र संगणकाला ‘दिसत’ नाही? आधी वायर बघा

भिवापूर : पीएम किसानची ई-केवायसी असो की पेन्शनचा हयातीचा दाखला, सेवा केंद्रातले काम शेवटी यूएसबी वायरच्या टोकाला असलेल्या अंगठ्याच्या यंत्रावर येऊन थांबते. संगणकाने ते ओळखले नाही, की खेड्यातून आलेल्या माणसाचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडते. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी दहा मिनिटे दिली, तर ही फेरी वाचू शकते.

‘अंगठा लागत नाही’ आणि ‘यंत्र दिसत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. यंत्रात दिवा लागतो, पण ठसा जुळत नाही, तर प्रश्न बोटांचा. मिरची तोडून, निंदण करून रेषा झिजतात. बोट पुसून किंवा दुसरे बोट लावून पाहावे.

यंत्रच दिसत नसेल, तर सुरुवात वायरपासून. साध्या यूएसबी वायरमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. पिनेजवळ वायर दुमडून माहितीची तार तुटली, तरी दिवा लागू शकतो. इथेच फसगत होते! प्रिंटर, कॅमेरा, स्कॅनर असे सगळे एकाच हबवर लावले असेल, तर वीज कमी पडते, यूएसबी २.० पोर्ट साधारण ५०० मिलीअँपिअरच देतो. स्कॅनर थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावावा.

मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. पिवळी खूण दिसली, तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा, तोही कंपनीच्या संकेतस्थळावरूनच. फोनवरच्या अनोळखी ‘तंत्रज्ञा’ला संगणकाचा ताबा देऊ नये, त्यावर लोकांच्या आधारची कामे होतात. काहीच दिसत नसेल, तर यंत्र दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे. तिथेही दिसले नाही, तर दोष बहुधा यंत्रात किंवा वायरीत. विंडोजमध्ये ‘शट डाऊन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे. ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर शट डाऊनने सगळे नव्याने सुरू होत नाही.

ड्रायव्हर ठीक, तरी पोर्टल यंत्र नाकारते? मग आरडी सर्व्हिस बंद पडली आहे का, यंत्राच्या नोंदणीची मुदत संपली आहे का, ते पाहावे. मुदत संपली असेल, तर वायर कितीही हलवून उपयोग नाही.

दरम्यान, रांगेतल्या माणसाला मोबाइलचा पर्याय आहे. जीवन प्रमाणसाठी २०२१ पासून, तर पीएम किसानच्या अॅपवर २०२३ पासून चेहरा दाखवून ओळख पटवता येते.