मुलांच्या क्षयाचा नकाशा

भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्याचे, पिकांचे व लोकसंख्येचे नकाशे आपण पाहतो. रोगांचेही असेच नकाशे काढतात. पण ते वाचताना अधिक सावध राहावे लागते. भारतातील लहान मुलांचा क्षयरोग हे याचे उत्तम उदाहरण होय.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली शोधून काढले. रोगी खोकला की ते हवेत मिसळतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. संसर्ग झालेला प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही. बहुतेकांच्या शरीरात जंतू निद्रिस्त राहतात. हाताच्या त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचून हा संसर्ग ओळखता येतो. मोठ्या माणसाला तो कधी झाला हे सांगणे कठीण. परंतु चार वर्षांच्या बालकाला तो गेल्या चार वर्षांतच झालेला असणार! म्हणून एखाद्या प्रदेशात रोग अलीकडे किती पसरत आहे, हे तेथील मुलांवरून कळते.

याच तत्त्वावर २००० ते २००३ या काळात देशाचे चार विभाग करून १ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. बंगळूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचा तीत प्रमुख वाटा होता. दरवर्षी हजार मुलांमागे उत्तरेत सुमारे १९, पश्चिमेत १६, पूर्वेत १३ आणि दक्षिणेत १० मुलांना नवा संसर्ग होतो, असे आढळले. खेड्यांहून शहरांत हे प्रमाण अधिक होते. दाट वस्ती व कोंदट खोल्या या जंतूंना अनुकूलच असतात.

आजारी मुलांच्या नोंदींचा नकाशा मात्र इतका सरळ नसतो. लहान मुलाला थुंकी काढता येत नाही आणि त्याच्या शरीरात जंतूही थोडे असतात. त्यामुळे क्ष-किरण तपासणी करावी लागते. कधी जठरातील द्रवही तपासावा लागतो. जेथे ही सोय आहे तेथे रोगी सापडतात. जेथे नाही तेथे नकाशा कोरा राहतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे १२ टक्के १५ वर्षांखालील असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतातील २०२२ सालच्या नोंदींत मात्र मुले सुमारे ६ टक्केच होती. नोंद नसलेल्या मुलांना औषधही मिळत नाही, हे यातील खरे दुःख होय.

बी.सी.जी.ची लस लहानग्यांना मेंदूच्या क्षयासारख्या उग्र प्रकारांपासून बरेच संरक्षण देते. संसर्ग मात्र ती पूर्णपणे टाळू शकत नाही. मुलाला रोग लागतो तो बहुधा घरातील वा शेजारच्या मोठ्या माणसाकडून. म्हणून कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याची थुंकी तपासून घ्यावी. क्षय ठरल्यास त्या घरातील प्रत्येक मुलाची तपासणी करावी आणि सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस, मध्येच न सोडता घ्यावे. नकाशातील कोऱ्या जागा भरून काढण्याचे काम असे प्रत्येक घरापासून सुरू होते.