पावसात टीव्हीचे चित्र का जाते?

चाकण भागात कांदा उघड्यावर असतो, वळीव गरजतो आणि नेमके तेव्हाच टीव्हीचे चित्र जाते. असं का?

उपग्रहाच्या लहरी 36,000 किलोमीटरवरून येतात. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. टपोरे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र येते. छत्री हलवू नका.

साध्या भुरभुरीतही चित्र जात असेल, तर दोष बसवण्यात. डीडी फ्री डिशची छत्री आपल्याकडे आग्नेयेला हवी, समोर झाड नको. खांब ओळंब्यात, बोल्ट घट्ट, केबलचा सांधा कोरडा ठेवा.

आभाळ भरताच प्लग व केबल काढा. विजांत छतावर चढू नका. सेलवरचा रेडिओ खरखरला तरी बोलतो. इशारा ऐका, कांदा वेळीच झाका.