सशस्त्र वाटा (भाग ७) : यवतमाळचे विद्यागृह

एक प्रमाणपत्र डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थी नागपूरचा, शाळा यवतमाळची, परीक्षा दिली अमरावतीत आणि प्रमाणपत्रावर सही कलकत्त्याच्या डॉ. रासबिहारी घोष यांची. साल १९०९. सरकारी शिक्षणखात्याशी या कागदाचा काडीचाही संबंध नाही. हा कागद दाखवून कुठे कारकुनी मिळणार नव्हती, सरकारी कॉलेजात प्रवेश मिळणार नव्हता. तरीही एका विशीतल्या मुलाने आपल्या सरळ चाललेल्या शाळेवर पाणी सोडून तो मिळवला होता. त्या मुलाचे नाव केशव बळीराम हेडगेवार.

मागच्या आठवड्यात आपण नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात होतो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. यवतमाळच्या नावावर अशी रात्र नाही. क्रांतिकारकांच्या इतिहासाची पुस्तके चाळली तर या जिल्ह्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. मला ही मोजणीच चुकीची वाटते. फाशीचे दोर आणि पिस्तुलाच्या गोळ्या मोजत गेलो की नाशिक, पुणे, कलकत्ता, लाहोर एवढीच गावे उरतात. ती माणसे कुठे घडली, त्यांच्या मनातली भीती कोणी काढली, सरकारी कागदावाचून जगता येते हे त्यांना कोणी शिकवले, हे विचारायला लागलो की यवतमाळसारखी गावे पुढे येतात.

तेव्हाचे यवतमाळ कसे होते ते आधी पाहू. हा मुलूख मूळचा निजामाचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते निजामाच्या फौजेचा खर्च भागवण्याच्या नावाखाली. १९०२ मध्ये कर्झनने ते दर साल २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडून टाकले. वऱ्हाडातल्या कोणालाही त्याबद्दल विचारले गेले नाही. हाच कर्झन १९०५ मध्ये बंगालची फाळणी करून मोकळा झाला. कलकत्त्याची आग वऱ्हाडात इतक्या लवकर कशी पोचली याचे लोकांना नवल वाटते. आपला मुलूख परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर चढवला जातो म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाने बंगाल्याच्या तीन वर्षे आधी पाहिले होते, हे ध्यानात घेतले तर नवल वाटायला नको.

त्याच सुमाराला जुन्या वणी जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला. नवे जिल्ह्याचे गाव, नवी कचेरी, नवे वकील. पैसा कापसाचा. मोठ्या रेल्वेचे स्टेशन धामणगाव, तिथून पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर सडकेचा प्रवास. गाव आडबाजूला असल्याचा एक फायदाही होता. नागपूर आणि अमरावतीत दादासाहेब खापर्डे, डॉ. मुंजे यांच्यासारख्या टिळकपक्षाच्या पुढाऱ्यांवर पोलिसांची करडी नजर असे. आडगावात काम करणाऱ्यांना, निदान सुरुवातीला तरी, श्वास घ्यायला थोडी जागा मिळाली.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री देशापुढे ठेवली. पहिल्या तीन शब्दांवर आपण भरपूर बोलतो, चौथ्याकडे दुर्लक्ष करतो. त्या काळच्या सरकारने तसे केले नाही. ६ मे १९०७ ला रिस्ले परिपत्रक निघाले. विद्यार्थी राजकीय सभांना गेले, चळवळीत पडले तर शाळांचे अनुदान आणि विद्यापीठाची मान्यता धोक्यात येईल, असा त्याचा धाक होता. यातली मेख पाहा : शिक्षा विद्यार्थ्याला थेट करायची नाही, त्याच्या मास्तरांना आणि शाळेच्या चालकांना त्याच्यावर पहारेकरी म्हणून बसवायचे.

नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये या धाकाला मुलांनी उत्तर दिले. तपासणीसाठी आलेले साहेब वर्गात पाऊल टाकतात तोच सगळा वर्ग उभा राहून ‘वंदे मातरम्’ गर्जला. साहेब पुढच्या वर्गात गेले, तिथेही तेच. कोणी ठरवले, कोणी आधी तोंड उघडले, याचा तपास लागेना. शाळा बंद पडली. काही आठवड्यांनी तडजोड निघाली : चूक झाली का असे विचारल्यावर मुलाने नुसती मान हलवायची, की झाले, परत वर्गात. बहुतेकांनी मान हलवली. केशव हेडगेवार यांनी हलवली नाही, त्यांचे नाव पटावरून गेले आणि त्यांनी यवतमाळची वाट धरली.

यवतमाळात तपस्वी बाबासाहेब परांजपे राष्ट्रीय शाळा चालवत होते. विद्यागृह हे तिचे नाव. ‘तपस्वी’ हे बिरूद लोकांनी दिलेले. अशा शाळा म्हणजे नेमके काय, हे सांगायला थोडे थांबतो, कारण या भागाचा जीव तिथेच आहे.

राष्ट्रीय शाळा म्हटले की आज आपल्याला प्रभातफेरी आणि देशभक्तीची गाणी आठवतात. तेव्हा तिचा अर्थ रोकडा होता. सरकारचे अनुदान घ्यायचे नाही, म्हणजे पगाराची शाश्वती गेली. सरकारी परीक्षेला बसायचे नाही, म्हणजे मुलाच्या नोकरीची आशा गेली. आपले पोर अशा शाळेत घालणारा बाप त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या मिळकतीवर पाणी सोडत होता. हिशेबी, संसारी माणसांनी हे केले. बंगालात १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली होती, तिच्या नॅशनल कॉलेजचे पहिले प्राचार्य अरविंद घोष. ही परिषद स्वतःच्या परीक्षा घेई, स्वतःची प्रमाणपत्रे देई. दूर यवतमाळची मुलेही तिच्या परीक्षेला बसू शकत. म्हणजे सरकारच्या डोक्यावरून, सरकारला न विचारता, देशभर पसरलेली एक दुसरी शिक्षणव्यवस्था उभी राहत होती.

गुप्त संघटनेला नेमके हेच लागते. पिस्तूल मिळवणे अवघड होते, १८७८ च्या शस्त्रकायद्याने ते जवळजवळ अशक्य केले होते. पण पिस्तुलाहूनही दुर्मीळ वस्तू म्हणजे विश्वासाचा माणूस. कलकत्त्यात उतरलेला अनोळखी मराठी तरुण पोलिसांचा हस्तक नाही हे तिथल्या लोकांनी ओळखायचे कसे? राष्ट्रीय शाळेचे प्रमाणपत्र हा त्याचा एक पुरावा ठरे. ज्याने मान हलवायला नकार देऊन सगळी सरकारी दारे स्वतःवर बंद करून घेतली आहेत, तो सहसा सरकारचा माणूस नसतो.

१९०८ साल उजाडले. ३० एप्रिलला मुजफ्फरपूरला बॉम्ब फुटला. ८ जूनला एकाच दिवशी स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वृत्तपत्रांवरचा कायदा झाला. २४ जूनला लोकमान्य टिळकांना पकडले, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली. याच वर्षी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात वकिली सुरू केली. सरकारचा हात नागपूर-वऱ्हाडातल्या लहान पत्रांपर्यंतही आला. नागपूरच्या ‘देशसेवक’चे अच्युतराव कोल्हटकर यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, यवतमाळहून निघणाऱ्या पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांच्या ‘हरिकिशोर’लाही राजद्रोहाच्या कलमाने गाठले. ‘केसरी’वरच्या खटल्याची आठवण देश दर वर्षी काढतो. ‘हरिकिशोर’चे नाव यवतमाळातही आज किती जणांना ठाऊक आहे? पत्र लहान असले तरी राजद्रोहाचे कलम तेच असते आणि तुरुंगही तोच.

विद्यागृहावरही दडपण वाढत गेले आणि शाळा बंद पडली. तरीही मुलांनी परीक्षेची तयारी सोडली नाही. हेडगेवार १९०९ च्या डिसेंबरात अमरावतीत परीक्षेला बसले. त्या प्रमाणपत्रावर सही करणारे रासबिहारी घोष कोण, हेही सांगायला हवे. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची होती. जहाल-मवाळांच्या भांडणापायी ती सुरतेला नेली आणि तिथे मोडली. त्या मोडलेल्या अधिवेशनाचे अध्यक्ष हेच घोष, नेमस्तांचे उमेदवार. टिळकपक्षाच्या शाळेत शिकलेल्या मुलाच्या कागदावर त्यांची सही आहे. सुरतेत ज्यांचे एका मांडवात जमू शकले नाही, ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात एकत्र होते. त्या पिढीचे राजकारण आपण समजतो तितके दोन कप्प्यांत वाटलेले नव्हते, एवढे यातून नक्की दिसते.

सरकारने एवढ्याशा शाळांचा धसका का घ्यावा, याचे उत्तर शोधायला वऱ्हाडाबाहेर, तळेगाव दाभाड्याला जावे लागते. तिथे प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय होते. १९१० मध्ये सरकारने तेही बंद पाडले. त्या शाळेत शिकलेला एक मुलगा, तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे, पुढे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकायला गेला, तिथल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षात आला आणि १९१४ च्या अखेरीस कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर परतला. पंजाबच्या छावण्यांतल्या शिपायांचा उठाव १९१५ च्या फेब्रुवारीत व्हायचा होता, तो फितुरीने फसला. पिंगळे तरीही थांबले नाहीत. २३ मार्चला मेरठला घोडदळाच्या छावणीत ते बॉम्बची पेटी घेऊन पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. वय सत्तावीस. शाळा बंद केली म्हणून शाळेत रुजलेले बंद झाले नाही.

यवतमाळच्या शेजारी वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे हेही याच वाऱ्याने देशाबाहेर पडले. गदरच्या पहिल्या जुळवाजुळवीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले आणि शेवटी मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर संशोधन करणारे शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. त्यांच्यासाठी एक अख्खा भाग राखून ठेवला आहे, म्हणून इथे इतकेच.

हेडगेवार १९१० मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल झाले. बंगालच्या अनुशीलन समितीशी, म्हणजे तिथल्या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेशी, त्यांचा संबंध तिथे आला असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या संबंधाची खोली किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे त्यांनी काढलेल्या संघटनेमुळे या प्रश्नाला आजच्या राजकारणाचीही झळ लागते. माझे मत सांगतो : त्यांच्या पुढच्या कामाबद्दल कोणाला काहीही वाटो, १९०८ च्या यवतमाळचा इतिहास त्यामुळे मागे सारू नये आणि फुगवूही नये. ते विद्यागृह एकट्या हेडगेवारांचे नव्हते. त्यांच्याबरोबर बाकावर बसलेली, पुढे नाव न झालेली मुले होती आणि त्यांनीही तीच किंमत मोजली होती.

महायुद्ध संपेपर्यंत सशस्त्र उठावाचे बेत उधळले गेले होते. पंजाबात फाशी आणि काळे पाणी, बंगालात स्थानबद्धता. वऱ्हाडातल्या त्या पिढीतले बरेच जण मग उघड चळवळीत आले. १९१८ मध्ये अण्यांनी यवतमाळात ‘लोकमत’ साप्ताहिक काढले, त्याचे नाव टिळकांनी सुचवलेले. आणि १९३० मध्ये या जिल्ह्याने देशाला लढण्याची एक नवी रीत दाखवली. मिठाचा सत्याग्रह वऱ्हाडात करायचा कसा? इथे समुद्र नाही. पण राखीव जंगले होती. ज्या रानात बापजाद्यांनी बैल चारले तिथले गवत कापले तर शेतकरी चोर ठरत होता. १० जुलै १९३० ला अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात दुसरी एक तुकडी विळे घेऊन शिरली. तिच्या म्होरक्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात पाठवले गेले. तो म्होरक्या म्हणजे विद्यागृहात शिकायला आलेला तोच केशव, आता एक्केचाळीस वर्षांचे डॉ. हेडगेवार.

पिस्तुलाचे स्वप्न आणि गवत कापणारा विळा यांत काही जण विरोध पाहतात. मला या गावात तरी तो दिसत नाही. कायद्याचा धाक मोडायचा, ही गोष्ट दोन्हीकडे एकच होती. साधन बदलले ते अनुभवाने. निवडक दहा जणांच्या गुप्त मंडळात वावरातला माणूस येऊ शकत नव्हता. विळा मात्र त्याच्या घरातच होता. पुसद आणि लोहाऱ्याला जी गर्दी लोटली ती त्यामुळे.

यवतमाळला शारदाश्रमात य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्या घरोघर हिंडून जमवल्या, म्हणून त्या आज अभ्यासाला मिळतात. विद्यागृहासाठी असे कोणी हिंडलेले नाही. यवतमाळ, दारव्हा, वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा इथल्या जुन्या वाड्यांत कुणा पणजोबांचे राष्ट्रीय शाळेचे प्रमाणपत्र, ‘हरिकिशोर’चा एखादा अंक किंवा १९३० च्या शिक्षेचा कागद अजून ट्रंकेत पडलेला असेल, तर तो रद्दीत देऊ नका. त्याचे फोटो काढा, मागे घराण्याचे आणि गावाचे नाव लिहा आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. पुढच्या आठवड्यात आपण अमरावतीच्या आखाड्यांकडे वळणार आहोत.