तबकडीचा शुक्रवार

१० जुलै २०१५ पासून नवे आल्बम बहुतेक देशांत शुक्रवारीच प्रसिद्ध करावेत, असे ध्वनिमुद्रण-व्यवसायाने मुक्रर केले. तत्पूर्वी अमेरिकेत मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी नवा माल मांडण्याचा रिवाज होता, आणि तो का मोडावा हे मजसारख्या शौकिनास अद्याप उमगलेले नाही.

जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये उघडलेले 'रफ ट्रेड' हे तबकड्यांच्या स्वतंत्र दुकानांतील आद्य नव्हे, परंतु आदर्श उदाहरण होय. कारण बड्या कंपन्यांच्या खिजगणतीत नसलेल्या कलावंतांच्या तबकड्या विकता विकता त्याने १९७८ मध्ये स्वतःच तबकड्या काढण्यास आरंभ केला. अमेरिकेतील अशाच दुकानदारांच्या कल्पनेतून एप्रिल २००८ मध्ये 'रेकॉर्ड स्टोअर डे' सुरू झाला; त्या दिवसाच्या मर्यादित आवृत्त्या उचलून चढ्या भावाने विकणारे दलालही, अर्थात, मागोमाग आले.

तबकडी हाती येताच ती उजेडात तिरपी धरावी: शेवटच्या खोबणीपलीकडील गुळगुळीत वर्तुळात साच्याचा क्रमांक, आणि क्वचित खोबण कोरणाऱ्या कारागिराची आद्याक्षरेही आढळतात. या कोरणीस लागणाऱ्या लॅकरच्या चकत्या बनविणारा कॅलिफोर्नियातील 'अपोलो मास्टर्स' कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये भस्मसात झाला, तेव्हा सारी भिस्त जपानमधील एका कारखान्यावर पडली. तथापि २०२२ मध्ये अमेरिकेत तबकड्यांची विक्री, नगांच्या हिशेबाने, १९८७ नंतर प्रथमच सीडींहून अधिक झाली.