पगाराचा कागद चुकून सगळ्यांना गेला तर

आज आपण पगाराबद्दल बोलणार आहोत. पगार वाढवायचा कसा, याबद्दल नाही. एकीचा पगार चुकून बाकीच्या सगळ्यांना कळला तर काय करायचं, याबद्दल. हे दुखणं मोठ्या कंपन्यांचं, असं तुम्हाला वाटेल. पण आता गावोगावी बचत गटांची पापड केंद्रं, मसाला केंद्रं, शिवण केंद्रं उभी राहिली आहेत. तिथं कामाला बाया आहेत, हिशेबाला कुणी आहे. म्हणजे काल दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणाऱ्या आपण आज कुणाला तरी पगार देतो आहोत. तेव्हा हा प्रश्न आपलाही झाला.

चूक होते ती बहुतेक अशी. महिनाअखेरीला सचिवताई वहीत पगाराचा तक्ता मांडतात, मोबाइलवर त्याचा फोटो काढतात आणि अध्यक्षताईंना पाठवायला जातात. फोनमध्ये केंद्राचे दोन ग्रुप, एक समितीचा आणि एक सगळ्या कामवाल्या बायांचा. नावं जवळपास सारखी, वरचा फोटोही त्याच पाटीचा. चुलीवर भाजी, कडेवर पोर, आणि अंगठा पडतो भलत्याच ग्रुपवर. कधी तक्त्याचा मूळ कागद झेरॉक्सच्या मशिनवरच राहून जातो. कधी पगारवही टेबलावर उघडी असते आणि सहीला आलेली प्रत्येक जण आधी वरच्या-खालच्या ओळी वाचते, मग सही करते. हा शेवटचा प्रकार तर दर महिन्याला होतो, फक्त त्याला आपण चूक म्हणत नाही.

एका मसाला केंद्राची हकीकत आमच्यापर्यंत आली. गावाचं नाव सांगत नाही. तिथं तक्त्याचा फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर गेला. अकरा जणींची नावं, प्रत्येकीची हजेरी, खाडे, दर, घेतलेली उचल आणि हातात आलेली रक्कम. पॅकिंगच्या एका ताईला बाकीच्यांपेक्षा महिन्याला दीड हजार जास्त होते. कारण होतं. ती पॅकिंग तर करायचीच, शिवाय दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायची, तालुक्याला माल पोचवायची, उधारी वसूल करून आणायची. पण हे कारण समितीच्या डोक्यात होतं, कागदावर कुठंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायांनी आपापले डबे उचलले आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. तिच्याशी कुणी बोलेना. अध्यक्षाच्या माहेरची आहे म्हणून जास्त देतात, असंही कुणीतरी उठवलं.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या एका ताईनं लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मोठी उचल घेतली होती आणि घरी ते सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या नवऱ्याला कळलं. घरात काय झालं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

समितीनं काय केलं? पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप टाकला, की पगाराविषयी कुणी बोलायचं नाही, बोलेल तिला कामावरून कमी करू. झालं, ज्यांना संशय नव्हता त्यांनाही आला. आठवड्याभरात पॅकिंगच्या ताईनं काम सोडलं. तिच्यामागं तीन दुकानंही गेली.

आता यात काय चुकलं ते उलगडून बघू. इथं दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आणि समितीनं त्यांची एकच मोट बांधली. पहिली गोष्ट म्हणजे दोघींची खासगी माहिती आपल्या हातून बाहेर गेली. तिथं आपण त्यांचे देणेकरी लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे बाकीच्या नऊ जणींच्या मनात प्रश्न उभा राहिला, की हिला जास्त का? तिथं आपण त्या नऊ जणींना उत्तर देणं लागतो. पहिलीसाठी माफी लागते, दुसरीसाठी हिशेब लागतो. गप्प बसा म्हटल्यानं दोन्हीतलं एकही होत नाही.

आधी माफीचं. फोटो चुकून गेला हे लक्षात येताच तो काढून टाका. व्हॉट्सअॅपवर त्या फोटोवर बोट दाबून धरलं की काढून टाकायचे दोन पर्याय येतात, एक सगळ्यांसाठी आणि एक फक्त माझ्यासाठी. घाईत नेमकं ‘माझ्यासाठी’ दाबलं जातं. मग आपल्याला फोटो दिसेनासा होतो आणि बाकी सगळ्यांना दिसत राहतो! चुकून तसं दाबलंच, तर काही सेकंद खाली ते मागे घेण्याची सोय दिसते. सगळ्यांसाठी काढायची मुदत साधारण दोन दिवस असते. पाठवणारीचा फोन लागत नसेल तर ग्रुपची अॅडमिनही तो फोटो काढू शकते. मात्र ज्यांच्या फोनमध्ये तो उतरला असेल, त्यांच्याकडे तो राहू शकतो. म्हणून ‘काढला, आता प्रश्न मिटला’ असं समजू नका.

तक्त्यात बँक खात्याचे किंवा आधारचे आकडे असतील तर ही बाब नुसत्या पगाराची राहत नाही. त्या बायांना लगेच सांगा, की बँकेतून बोलतोय असा फोन आला आणि कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करा. खरं म्हणजे पगाराच्या तक्त्यात आधार नंबर लिहायचं कारणच नाही.

त्यानंतर जिची माहिती गेली तिच्या घरी जा, त्याच दिवशी. फोन करून भागत नाही. तिला ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुमच्याकडून कळली पाहिजे. सरळ बोला, “ताई, तुमच्या पगाराचा कागद आमच्या हातून चुकून ग्रुपवर गेला. चूक आमची आहे. इतक्या जणींनी तो पाहिला आहे. तुम्हाला कुणी काही विचारलं तर समितीकडे पाठवा, उत्तर आम्ही देऊ.” आणि मग तिला विचारा, यामुळं घरी काही अडचण होणार आहे का? हा प्रश्न पुरुषांच्या कंपनीत कदाचित सुचणार नाही. आपल्याला सुचला पाहिजे. कितीतरी बाया घरी थोडा कमी पगार सांगून दोन पैसे बाजूला टाकतात, लेकराच्या फीसाठी, दवाखान्यासाठी. ते चूक की बरोबर, हे ठरवणारी समिती कोण?

आता हिशेबाचं. दोन-तीन दिवसांच्या आत सगळ्यांची बैठक घ्या. तिथं त्या ताईचं नाव घेऊन तिची बाजू मांडायची गरज नाही. कामाचे दर मांडा. निवडणं-भाजणं, कांडप यंत्र, पॅकिंग, ऑर्डर आणि वसुली, यातल्या कुठल्या कामाला किती आणि का. त्या मसाला केंद्रात ‘ऑर्डर आणि वसुलीसाठी दीड हजार’ एवढी ओळ आधीपासून भिंतीवर असती, तर भांडायला काय उरलं असतं? उलट एखादी म्हणाली असती, की पुढच्या वर्षी ते काम मला द्या. आणि तसं म्हणणं चांगलंच आहे.

फरकाचं कारण उघड सांगता येत नसेल तर काय? तर मग तो फरक चुकीचा आहे, असं आम्ही तरी समजू. विशेषतः कांडपावर एक पुरुष आणि एक बाई सारखंच काम करतात आणि त्याला जास्त मिळतं, असं तक्त्यातून दिसलं तर. बाई आहे म्हणून त्याच किंवा सारख्या कामाला कमी मजुरी देता येत नाही. हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात सांगितलं होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. हा फरक मिटवण्यासाठी जास्त मिळणाऱ्याची मजुरी खाली आणता येत नाही, असंही कायदा म्हणतो. कमी मिळणाऱ्या बाईचीच वर न्यावी लागते. “पोती उचलतो ना तो” हे कारण बऱ्याचदा पुढं येतं. मग पोती उचलायचा दर वेगळा लावा आणि जी उचलेल तिलाही तोच द्या.

काही जणी म्हणतात, यापेक्षा सगळ्यांचा सगळाच पगार उघडा करून टाका ना. बघा, सरकारी नोकरांचं तसं आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमानुसार सरकारी कार्यालयांनी आपल्या अधिकाऱ्या-कर्मचाऱ्यांचा मासिक पगार स्वतःहून जाहीर करायचा असतो. अंगणवाडी सेविकेचं मानधन किती, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावरून कुणी तिच्याशी अबोला धरत नाही. कारण तो आकडा पदाला चिकटलेला असतो, बाईला नाही. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. कामाचा दर उघडा ठेवायचा. गटाचा पैसा सगळ्या सभासदांचा, तेव्हा तो कुठल्या दरानं खर्च होतो हे विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे. पण कुणाचे किती खाडे, कुणाची किती उचल, कुणाचा कर्जाचा हप्ता कापला, हातात किती आले, ही त्या बाईची गोष्ट. ती तिच्यापाशी आणि हिशेबनीसापाशी राहू द्या. समितीला महिन्याची एकूण बेरीज पुरते.

ज्यांनी तो फोटो पाहिला त्यांच्याशीही थोडं बोलायचं आहे. पाहिलं ते पाहिलं, डोळे काही मिटून घेता येत नाहीत. पण पुढं पाठवू नका. आणि प्रश्न विचारायचाच असेल, तर “तिला इतके का?” असं न विचारता “माझा दर कसा ठरला?” असं विचारा, बैठकीत विचारा. पहिल्या प्रश्नानं एक बाई एकटी पडते. दुसऱ्या प्रश्नाला समितीला उत्तर द्यावं लागतं.

आणि जिच्या हातून फोटो गेला त्या सचिवताईंना चारचौघींत उभं करू नका. ती बहुतेक बिनपगारी राबत असते! तिला धाक दाखवलात तर पुढच्या वेळी चूक झाली की ती लपवेल, आणि तेव्हा तुम्हाला चार दिवस उशिरा कळेल. त्यापेक्षा पद्धत बदला. एका ग्रुपचं नाव आणि फोटो पार वेगळा करा. तक्त्याचा फोटो काढूच नका, वही घेऊन अध्यक्षताईंकडे जा. पगारवहीत सही घेताना बाकीच्या ओळींवर पुठ्ठा ठेवा. प्रत्येकीला तिची वेगळी चिठ्ठी द्या. त्यावर हजेरी, दर, कपात आणि हातात आलेली रक्कम, एवढं बस्स. चिठ्ठी घडी घालून द्या.

एका श्रोतीनं आम्हाला विचारलं होतं, की कामवाल्या बाईची सासू किंवा नवरा केंद्रावर येऊन “आमच्या हिला किती देता?” असं विचारतात, तेव्हा काय सांगायचं? बसायला सांगा, पाणी द्या, आणि म्हणा, “मामी, आमच्याकडे प्रत्येकीची चिठ्ठी तिच्याच हातात देतो. तुम्ही सूनबाईंनाच विचारा.” मामी रागावतील. पण हेच उत्तर सगळ्यांना देतात असं कळलं, की दोन-तीन महिन्यांत विचारायला येणं कमी होतं. चिठ्ठी मात्र त्यांच्याजवळ देऊ नका, बाई आजारी असली तरी. ती कामावर येईपर्यंत कपाटात ठेवा.