गावाचा ठराव मोडणाऱ्यास कसे आवरावे?

साऱ्या गावाने घेतलेला निर्णय एखादाच इसम मोडू लागला म्हणजे गावापुढे मोठा पेच उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही मोहाची दारू गाळून चोरून विकणारा गावातच निघतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. परंतु विनापरवाना विक्री तेथेही गुन्हाच आहे. असा विक्रेता कोणाचा तरी चुलता, कोणाचा तरी मेहुणा असतो. काणाडोळा करावा तर ठरावाला किंमत राहत नाही, आणि दंडेली करावी तर गाव दुभंगते.

या बाबतीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाची रीत अभ्यासण्याजोगी आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते. विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. अवघड विषय आधी अभ्यासगटात चर्चिले जातात. ही पद्धत वेळखाऊ आहे खरी. तथापि तिचा एक मोठा लाभ सहसा ध्यानात येत नाही. पुढे नियम मोडणारा इसमही निर्णयाच्या वेळी संमती देऊन बसलेला असतो. मग त्याला “आमचे का ऐकले नाहीस?” असे विचारावे लागत नाही, “स्वतः मान्य केलेले का मोडलेस?” एवढेच विचारायचे असते. या प्रश्नाला उर्मट उत्तर देणे कठीण जाते.

अशा इसमास प्रथमच चारचौघांत उभे करणे मात्र इष्ट नव्हे. ज्याचा शब्द तो मानतो अशा वडीलधाऱ्याने आधी एकांतात समजूत घालावी. विक्रेती पुष्कळदा निराधार विधवा असते. तिच्या चुलीचा प्रश्न तेव्हाच कळतो आणि रोजगार हमीच्या कामाची मागणीही तेव्हाच नोंदविता येते. एवढ्याने भागले नाही तर विषय ग्रामसभेत, त्याच्या समक्ष घ्यावा. कोणी, केव्हा, काय पाहिले तेवढेच बोलावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि दोन्ही बाजू कार्यवृत्तात लिहाव्यात. तरीही विक्री चालूच राहिली तर पोलिसांकडे तक्रार ग्रामसभेच्या ठरावाने जावी. एकट्या स्त्रीच्या नावाने तक्रार गेली तर सारा राग तिच्या घरावर निघतो.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने रूढ पद्धतीने तंटे मिटविण्याचा तसेच मद्यबंदी अंमलात आणण्याचा आधार दिला आहे. परंतु पाणी तोडणे, लग्नकार्यात बोलावणे बंद करणे, कुटुंबाला वाळीत टाकणे हे उपाय त्यात बसत नाहीत. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यात ३ जुलै २०१७ पासून अंमलात असून, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

उपद्रवी कोण, हे ठरविण्यातच चूक झाली तर अनर्थ ओढवतो. जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या निव्वळ संशयावरून स्त्रिया व वृद्धांसह सात जणांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात लागू होता. अशी कुजबुज कानी येताच पोलीस पाटील, शिक्षक किंवा ग्रामसेवक यांनी जमाव जमण्यापूर्वीच पोलीस ठाण्यास कळविणे आणि संशयित कुटुंबाच्या घरी स्वतः जाऊन थांबणे अगत्याचे आहे.