पंपाची सवय लागत नाही

"पंप एकदा धरला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळीवर भागव." कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर, खोपोलीच्या चाळींत, अगदी शिकल्यासवरल्या घरांतही दमेकऱ्यांना हा सल्ला दिला जातो. ऐकून संताप येतो, कारण या एका समजापायी माणसं रात्र रात्र उशीला टेकून धापा टाकत काढतात.

हिशेब बघा. साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची येते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या गोळीचा चाळिसावा हिस्सा. गोळी पोटातून रक्तात जाते, अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम पडायला अर्धा तास लागतो. फवारा थेट श्वासनळीत जातो, पाचेक मिनिटांत श्वास मोकळा होऊ लागतो. पंप 'कडक' म्हणून टाळायचा आणि त्याच औषधाचा कितीतरी मोठा डोस गिळायचा, याला काय म्हणावं?

मग काहींना पंप वारंवार का लागतो? दमा म्हणजे श्वासनळ्यांची जुनाट सूज. राब भाजतानाचा धूर, चुलीचा धूर, पावसाळ्यात भिंतीला धरणारी बुरशी यांनी ती चाळवते. साल्ब्युटामॉलचा पंप, बहुधा निळा, नळ्या चार-सहा तास उघडतो. सूज तशीच राहते. ती उतरवतो ब्युडेसोनाइडसारखा स्टिरॉइडचा पंप, आणि तो बरं वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचा असतो. प्रौढांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, असं दम्यावरची 'जीना' ही जागतिक संस्था २०१९ पासून सांगते आहे. वर्षात २०० फवाऱ्यांचे तीन डबे संपत असतील, तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. ही सवय नव्हे, आजार आटोक्यात नाही. डबा लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

'पंप मारूनही फरक पडत नाही' यामागे पुष्कळदा पद्धत चुकलेली असते. डबा हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास ओढायला लागताच दाबा, दहा सेकंद श्वास धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर सगळ्यांनाच सोपं जातं. लहानग्यांना मास्कचा स्पेसर लागतोच.

स्टिरॉइडने शरीर फुगतं? पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही. रोटाहेलर या पावडर ओढायच्या यंत्राची कॅप्सूल गिळायची? नाही, यंत्रात फोडून ओढायची. गरोदरपणी पंप बंद? मनाने मुळीच नाही; आईला धाप लागली तर बाळाचाही प्राणवायू कमी पडतो.

वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. वाटेत रुग्णाला बसतं ठेवा आणि स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे एकेक करून चार ते दहा फवारे द्या. आराम नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा.